काळीपिवळीवाल्या बाई

बाईंना गाडीत मोकळी सीट सहन होत नसे. कुणाला टपकणारा नळ सहन होत नाही, कुणाला भिंतीवर तिरका झालेला फोटो. बाईंचं तसं सीटचं होतं. सकाळी लातूरच्या नांदेड नाक्यावर गाड्या अडकल्या की त्या काच खाली करायच्या, शेजारच्या गाडीत एकटाच बसलेला माणूस हेरायच्या आणि विचारायच्या, "कुठवर निघालात?" तो गोंधळून अहमदपूर नाहीतर नांदेड म्हणायचा. एकटेच का, असं विचारल्यावर हो म्हणायचा. मग बाई काच वर करायच्या आणि आम्हाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणायच्या, "पाच जणांची जागा अडवून एकटा बसलाय. लग्नाच्या पंगतीत हा पाच पाट धरून बसंल का?"

त्या नाक्यावरची सकाळ लातूरकरांना सांगायला नको. ट्यूशनला निघालेली पोरं, त्यांना सोडायला आलेले आईबाप, रिक्षा, एस.टी. आणि आमच्यासारखे अप-डाऊनवाले. ज्या गाडीत बघावं त्या गाडीत एक माणूस आणि एक जेवणाचा डबा. बाई चाकूरच्या अलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मुख्याध्यापक होत्या आणि राहायला लातूरला होत्या. मी चाकूर तालुक्यातल्याच एका सरकारी दवाखान्यात औषधं द्यायला होते. बाईंच्या पांढऱ्या, जुन्या गाडीत मी पुष्कळ वर्षं बसले. बाई गेल्या त्याला आता दोन पावसाळे झाले. त्यांच्यावर कुणी काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून मी लिहिते आहे.

गाडीत आम्ही चौघं कायमचे. बाई स्वतः चालवायच्या. पुढे मी. मागे तालुक्याच्या कचेरीतले बिराजदार अप्पा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि मांडीवर डबा. आणि त्यांच्या शेजारी भाऊसाहेब, म्हणजे तीन गावांचे ग्रामसेवक. पाचवी जागा नाक्यावर जो भेटेल त्याची. कधी परीक्षेला निघालेला पोरगा, कधी रजेवर आलेला जवान, कधी माहेराला निघालेली बाई. ती जागा भरल्याशिवाय बाई नाका सोडत नसत. भाऊसाहेबांना उशिराची धास्ती असायची. ते म्हणायचे, बाई, आज राहू द्या की एक दिवस. त्यावर बाईंचं ठरलेलं उत्तर, "पाय हलवायला जागा पाहिजे तर बैलगाडी घ्या, भाऊसाहेब."

पण उशीर मात्र त्यांना कधी झाला नाही. कारण ज्याला उशीर झाला त्याच्यासाठी त्या थांबत नसत. पाचव्या जागेसाठी अनोळखी माणसाला शोधणाऱ्या बाई ओळखीच्या माणसाला मागे सोडून निघून जायच्या. मीसुद्धा अनेकदा एस.टी.नं गेले आहे. दुसऱ्या दिवशी त्याबद्दल एक अक्षर नाही. राग नाही, समजूत नाही. पेट्रोल पाळीपाळीनं भरायचं, त्याचाही हिशेब नाही. पुढची सीट ज्याला मळमळतं त्याची. घरातल्या माणसांच्या तक्रारी वाटेतला आष्टामोड फाटा येईपर्यंत बोलून संपवायच्या. त्याच्यापुढे बोलल्या तर बाई रेडिओ लावायच्या. मला हे सगळं आवडायचं. गाडीत बसल्यावर काय करायचं आणि काय नाही हे स्पष्ट असलं की डोक्याला शांतता असते.

काळीपिवळी, म्हणजे सीटा भरून गावोगाव धावणारी भाड्याची जीप, हे नाव त्यांना अप्पांनी दिलं. झालं असं की नाक्यावर एक नवा ट्रॅफिक हवालदार आला होता. त्यानं आमची गाडी अडवली आणि आत डोकावला. आम्ही पाच जण पाच घरचे दिसत होतो, त्यातून पाचव्या जागेवर त्या दिवशी एक म्हातारी होती, पायाशी भाजीची पाटी घेऊन. त्यानं थेट तिलाच विचारलं, "मावशी, किती दिले?" म्हातारी इमानदार. म्हणाली, "अजून दिलं न्हाई बाबा. उतरल्यावर देईन की."

झालं. खासगी गाडीतून प्रवासी वाहतूक. बाईंनी खाली उतरून सांगितलं, सीटा भरते हे खरं, पण भाडं घेत नाही. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात. अप्पांनी मध्ये पडून आपण सरकारी माणूस असल्याचं सांगितलं, तर तो म्हणाला, मग तर तुम्हाला कायदा माहीत पाहिजे. बाईंनी दंड भरला आणि म्हातारीला तिच्या ठिकाणी सोडलं. उतरताना ती पदराची गाठ सोडायला लागली तेव्हा तिला तशीच वाटेला लावलं. गाडी पुन्हा हलल्यावर अप्पा म्हणाले, आता टपावर पिवळा रंग द्या बाई, काळीपिवळीच झाली ही. आम्हाला वाटलं त्यांना राग येईल. त्या म्हणाल्या, "नाव वाईट न्हाई. ह्या भागात जिथं एस.टी. गेली न्हाई तिथं काळीपिवळी गेली. माणसाला वाटेवर टाकून गेली न्हाई ती कधी."

तो दंड मात्र त्यांच्या मनात बसला. रकमेसाठी नव्हे. आपण जे चांगलं समजून करत आलो ते सरकारच्या लेखी गुन्हा आहे, हे त्यांना पटेना. त्यांचं म्हणणं साधं होतं आणि ते आम्ही इतक्या वेळा ऐकलं की मला पाठ आहे. "सरकार रस्ते रुंद करून दमलं. रस्ता रुंद केला की गाड्या वाढतात. एकदा सीटा भरणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवून बघा म्हणावं." त्या हे नाक्यावर म्हणायच्या, शाळेत आलेल्या साहेबांना म्हणायच्या, लग्नात शेजारच्या पाटावर बसलेल्या माणसाला म्हणायच्या. मला वाटायचं, बाई पाण्यावर रेघा ओढताहेत.

आणि मग खरोखरच तशी योजना आली. सहप्रवास. एका गाडीतून रोज चार किंवा जास्त माणसं जात असतील तर गाडीला सरकारी स्टिकर. कचेऱ्यांच्या आवारात सावलीतली राखीव जागा. सकाळी नाक्यावर अशा गाड्यांची वेगळी रांग. आणि मुख्य म्हणजे, पेट्रोल वाटून घेतलं तर तो धंदा समजला जाणार नाही, असं लेखी. अट एकच होती. सुरुवातीला पुरेशा गाड्यांनी नावं नोंदवली तरच योजना चालू राहील. नाहीतर लोकांना नको आहे असं समजून गुंडाळली जाईल.

बाईंनी त्या दिवशी गाडीत पेढे वाटले. थोरल्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी नुसतं "ठरलं" एवढंच सांगितलं होतं, म्हणून हे मला लक्षात राहिलं. पुढचे काही दिवस नाक्यावर त्या काच खाली करून टोमणे मारायच्या ऐवजी योजना सांगत होत्या. एकटे बसलेले सगळे माना डोलवायचे. येतो की बाई, रविवारी येतो, नाव घालतो.

रविवारी लातूरला एका सभागृहात नोंदणी होती. खरंच सगळे आले. मास्तर, तलाठी, नर्सा, शेतीखात्यातले, बांधकामवाले. अप-डाऊन करणारं अख्खं लातूर तिथं होतं. परिवहन खात्याचे एक तरुण साहेब पुढे बसले होते. माणूस चांगला होता, उत्साही होता, पण नोकरीत नवा होता आणि आमच्या भागातला नव्हता. त्यानं माइकवर सांगितलं की प्रत्येकानं दोनच गोष्टी सांगायच्या: राहता कुठे आणि नोकरी कुठे.

हे ऐकून सभागृहात जी शांतता पसरली ती बाहेरच्या माणसाला कळणार नाही, म्हणून सांगते. सरकारी नोकरानं नोकरीच्या गावी राहायचं असतं. मुख्यालयी राहणं म्हणतात त्याला. त्याचा घरभाडे भत्ता मिळतो. आम्ही सगळे कागदावर आपापल्या गावात राहत होतो आणि रोज सकाळी नांदेड नाक्यावर अडकत होतो. हे साऱ्या जिल्ह्याला माहीत होतं, पण कुणी ते तोंडानं म्हणत नव्हतं. आता सरकार सवलत देत होतं ती घ्यायची तर सरकारलाच सांगावं लागणार होतं की मी तुमच्याशी खोटं बोलत आलो.

हळूहळू खुर्च्या मोकळ्या व्हायला लागल्या. कुणाला फोन आला, कुणाला गॅसचं सिलिंडर आठवलं. बाकीचे चहाला गेले. त्या दिवशी त्या सभागृहासमोरच्या टपरीवाल्याचं दूध संपलं. आमचे भाऊसाहेब बाईंच्या कानाशी वाकून म्हणाले, "बाई, ही योजना न्हाई, हा पिंजरा हाय. आत भाकरीचा तुकडा लावलाय. चला उठा."

बाई उठल्या, पण पुढे गेल्या. साहेबांच्या शेजारी एक मुरलेले कारकून नोंदी घेत होते. बाईंनी नाव सांगितलं आणि म्हणाल्या, राहते लातूरला, शाळा चाकूरच्या अलीकडे, रोज येऊन-जाऊन करते. कारकुनांनी पेन थांबवलं. आवाज खाली घेऊन त्यांनी विचारलं, बाई, असंच लिहू? विचार केलाय ना? रिटायरमेंट किती राहिली?

"दीड वर्ष," बाई म्हणाल्या.

"मग कामून घोर लावून घेता? गावचाच पत्ता सांगा की."

"गावचा पत्ता सांगितला तर गावातून गावात जायला गाडी कशाला पाहिजे?" बाई म्हणाल्या. "खोट्या पत्त्यावर खऱ्या सीटा भरत नसतात. लिहा."

गाडीत आणखी कोण असतं, साहेबांनी विचारलं. बाईंनी मागे वळून आमच्याकडे बघितलं नाही. त्या म्हणाल्या, ज्याचं तो येऊन सांगेल. मी दारात चहाचा पेला घेऊन उभी होते. मी नाव दिलं नाही. त्याची मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. माझा मुलगा बारावीला होता आणि घरात चौकशीचं झेंगट यायला ती वेळ बरोबर नव्हती. बाईंनाही ते ठाऊक होतं.

महिन्याच्या आत त्यांना खात्याची नोटीस आली. मुख्यालयी राहत नसल्याचं आपण स्वतः सांगितलं आहे, तरी आपल्यावर कारवाई का करू नये. सरकारी माणसाला यातली भीती कळेल. कारवाई केवढी होईल हा पुढचा प्रश्न. पण चौकशी उघडी असताना माणूस निवृत्त झाला तर पेन्शन अडकतं, आणि अडकलेलं पेन्शन सोडवता सोडवता माणसं म्हातारी झालेली आम्ही बघितली होती. बाईंचे यजमान केव्हाच वारलेले. मुली आपापल्या घरी. त्यांचं पुढचं सगळं आयुष्य त्या पेन्शनवर होतं.

भाऊसाहेबांनी गाडी सोडली. ते मोटारसायकलवर जाऊ लागले. त्यांना मी नावं ठेवणार नाही. तीन गावांची माणसं आधीच त्यांच्या मुक्कामावरून चिडलेली होती. गाडीत आम्ही तिघं राहिलो आणि पाचव्या जागेबरोबर त्यांच्या जागेवरही आता नाक्यावरचं माणूस घ्यायला लागलो. पण बोलणं बंद पडलं. बाई एकट्याच बोलत, तुरीचा भाव काय निघाला, रेणापूरकडे पाऊस झाला का. शेवटी एकदा अप्पांनी धीर केला आणि विचारलं, बाई, चौकशीत आमची नावं विचारली तर?

"तुमचं नाव मला माहीत न्हाई," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला अप्पाच म्हणत आले."

मी त्यांना एकटीला विचारलं की नियमच चुकीचा आहे असं उत्तर तुम्ही का देत नाही. शिक्षकांची संघटना तसंच सांगत होती. बाईंनी मागचा ट्रक पुढे जाऊ दिला. मग म्हणाल्या, "नियम चुकीचा न्हाई गं. बाळंतीण अडली तर नर्स गावात पाहिजे, पोरगं अडलं तर मास्तर गावात पाहिजे. माझी सासू अंथरुणावर होती, पोरी लातूरला शिकून राहिल्या होत्या, म्हणून मी राहिले न्हाई. त्याला नाइलाज म्हणता येईल. पण दरसाल मी ग्रामसभेचा ठराव घेतला, त्याला काय म्हणायचं?"

तो ठराव म्हणजे, शिक्षक गावातच राहतात असं गावानं एकमतानं लिहून द्यायचं. बाईंचं गाव तो दरवर्षी न मागता द्यायचं, कारण शाळा चांगली चालली होती आणि गाव मानी होतं. आमच्या बाईंना कुणी बोट दाखवू नये एवढंच त्यांना कळायचं. त्या वर्षी तर गाव इरेला पेटलं होतं. ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी शाळेतच थांबले होते, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. सरपंच एक शेतकरी बाई होत्या, बाईंच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी सांगितलं, ठराव तयार हाय, बाई गावात राहतात, गुरवाच्या घरात खोली हाय, आम्ही रोज बघतो. सगळ्यांनी हात वर केले.

बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, या वर्षी खरं लिहा.

लोक हसले. त्यांना वाटलं बाई गंमत करताहेत. मग मागून एक म्हातारा उठला. त्याच्याशी बाईंचं कधी पटलं नव्हतं. तो म्हणाला, "खरं लिहायचं ना? मग हे बी लिहा. बाकीच्या गावात मास्तर रातच्याला अभ्यास घेतेत. आमच्या पोरांसाठी ह्या बाई कधी दिवेलागणीपर्यंत थांबल्या न्हाईत. पाचला गाडी सुरू."

सरपंच त्याला खाली बसवायला लागल्या. "कशाला बसवता?" बाई म्हणाल्या. "बरोबर बोलून राहिले ते. लिहा."

मी दवाखान्यात रोज माणसं बघते. आपल्याबद्दलचं खरं ऐकून घेणारी फार थोडी असतात, आणि ते लिहून घ्या म्हणणारी मी तेवढी एकच पाहिली. मग तोच म्हातारा म्हणाला, आता खरंच लिहायचं तर घंटेचं बी लिहा, ती बाईंनी कधी चुकू दिली न्हाई. म्हणून ठरावात तिन्ही गोष्टी आल्या: बाई गावात राहत नाहीत, संध्याकाळी थांबत नाहीत, शाळेच्या वेळेला कधी उशीर करत नाहीत. एकमतानं मंजूर.

बाई तो ठराव घेऊन सुनावणीला गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी मोजकंच सांगितलं. अधिकाऱ्यांनी ठराव वाचून विचारलं म्हणे, हा तुमच्या बाजूचा आहे की विरोधातला? बाई म्हणाल्या, गावाच्या बाजूचा आहे. निकाल असा लागला की घेतलेला घरभाडे भत्ता परत करायचा, आणि चौकशी तिथंच बंद. किती भरावं लागलं ते बाईंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मात्र त्या वर्षी दिवाळीला त्यांनी जुन्याच गाडीचं इंजिन पुन्हा बांधून घेतलं. नवी घ्यायचं त्यांच्या मनात होतं, ते राहून गेलं.

दरम्यान योजना मरायला टेकली होती. नावं नोंदवलेल्या गाड्या हाताच्या बोटावर मोजण्यासारख्या. एके सकाळी ते तरुण साहेब स्वतः नाक्यावर आले, बाईंच्या गाडीला हात केला आणि पाचव्या जागेवर बसले. त्यांना आष्टामोडपर्यंतच यायचं होतं, लोक का येत नाहीत ते समजून घ्यायचं होतं. त्यांनी बाईंना सरळ विचारलं, माझं काय चुकलं?

"साहेब, तुम्हाला माणूस कुठं राहतो ते पाहिजे, का गाडीत किती बसलेत ते?"

साहेब म्हणाले, गाडीत किती बसलेत ते.

"मग तेवढंच विचारा. कोण कुठं झोपतं ते ज्याच्या त्याच्या खात्याला विचारू द्या."

अप्पा खिडकीतून बाहेर बघत होते, पण त्यांचे कान आत होते. आष्टामोडला उतरताना त्यांनी बाईंना वाकून नमस्कार केला, आणि मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हा पोरगा टिकेल. पुढच्या आठवड्यात तो प्रश्नच गेला. सभागृह बंद. नोंदणी नाक्यावरच उभ्या गाडीत; ओळीनं काही सकाळी माणसं मोजायची, चार किंवा जास्त निघाली की स्टिकर. मग मात्र गाड्यांची रांग लागली. कालपर्यंत एकेकटे जाणारे शेजाऱ्यांना फोन करून बोलवायला लागले. काही तर बायकोलाही घेऊन आले. ती चार दिवस चाकूरपर्यंत फिरून आली आणि पुन्हा घरी बसली.

मी माझं नाव त्याच्या आधीच दिलं होतं. मुलाचा शेवटचा पेपर झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांच्या कचेरीत जाऊन राहता पत्ता लातूर असं सांगून आले. नोटीस येईल म्हणून तयारीत होते, ती आली नाही. अप्पांनी प्रश्न रद्द झाल्यावर दिलं. मात्र यादीत पहिलं नाव आपलंच होतं असं ते अजून सांगतात. भाऊसाहेबांच्या मोटारसायकलला स्टिकर मिळण्यासारखं नव्हतं.

नाक्यावरची कोंडी संपली असं मी म्हणणार नाही. वेगळी रांग पुढे रस्त्याच्या कामात गेली ती गेलीच. पण सावलीतली जागा राहिली, स्टिकरच्या गाडीला कुणी अडवत नाही, आणि अनोळखी माणसाला गाडीत घेताना आता कुणाला चोरट्यासारखं वाटत नाही. त्यानंतर माझी बदली झाली. आता मी नांदेडला राहते आणि कंधार तालुक्यात नोकरी करते. आमच्या गाडीत पाच बायका असतात. ज्या बाईला उशीर होतो तिला आम्ही सोडून जातो. सुरुवातीला त्यांना मी दुष्ट वाटले. आता माझ्याशिवायही त्या तसंच करतात.

बाई निवृत्त झाल्या तो शनिवार होता. शाळेनं निरोप दिला. शालींचा ढीग झाला, तो बाईंनी तिथंच आज्या-आजोबांना वाटला. भाऊसाहेब मोटारसायकलवर आले होते. ते मागच्या ओळीत बसून सगळी भाषणं ऐकत राहिले. जेवणं झाल्यावर आम्ही गाडीकडे निघालो, तर सरपंच आणि गावातल्या चार-पाच बायका बाईंच्या वाटेत उभ्या. आज मुक्काम करा म्हणाल्या. बाई म्हणाल्या, आता कशाला, आता नियम नाही. त्यावर सरपंच म्हणाल्या, "नियम हुता तवा आम्ही कधी म्हणलं का? आज म्हणून राहिलोत."

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला ये म्हणाल्या. भाऊसाहेबांनी मोटारसायकल शाळेत लावली आणि आमच्याबरोबर गाडीत बसले. मी गाडी चालवत लातूरला आले.

रविवारी मी गेले तेव्हा ऊन वर आलं होतं. बाई सरपंचांच्या ओसरीवर बसल्या होत्या. न्हाऊन केस मोकळे सोडलेले, हातात चहाची बशी. मी त्यांना केस मोकळे सोडलेलं कधी बघितलंच नव्हतं. त्यांच्यापुढे दोन मुली वह्या उघडून बसल्या होत्या; त्यातली एक त्या म्हाताऱ्याची नात. आदल्या संध्याकाळी भागाकाराला बसल्या होत्या आणि तो राहिला म्हणून सकाळी पुन्हा आल्या होत्या. मी म्हटलं, बाई, निघायचं? त्या म्हणाल्या, थांब, एवढं एक गणित होऊ दे. मी उंबऱ्याशी बसले. समोरच्या घरात चूल धुरावली होती. कुणीतरी बाईंसाठी ज्वारीची गरम भाकरी आणि ठेचा आणून ठेवला.

गणित सुटलं, मुली पळाल्या. बाई रस्त्याकडे बघत बसून राहिल्या.

"चांगलं गाव आहे गं, सुनंदा," त्या म्हणाल्या. "राहायला पाहिजे होतं."

त्यांनी अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली आणि आम्ही दोघी खायला लागलो.